घरचे ध्वनिमुद्रण : प्रीॲम्प कसा निवडावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

या क्षणी माझा आवाज आपल्या घरी पोहोचत आहे, तो माझ्या घशातून थेट पोहोचत नाही, हे आपणांस ठाऊकच आहे. माझ्यासमोर एक मायक्रोफोन ठेवलेला आहे. तो माझ्या आवाजाचे विजेत रूपांतर करतो. परंतु ही वीज इतकी अशक्त असते की पुढील कोणत्याही यंत्राला ती जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. म्हणून मायक्रोफोनच्या पाठोपाठ एक छोटे यंत्र बसवावे लागते. त्याचे काम एवढेच की या अशक्त विजेला शेकडो किंवा हजारो पटींनी वाढवावयाचे, आणि वाढविताना तिच्यात आपली भर घालावयाची नाही. या यंत्राला प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. व्यवहारात त्याचेच नाव प्रीॲम्प असे झाले आहे. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्याने हा प्रीॲम्प कसा निवडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी ध्वनिशास्त्राचा पंडित नव्हे. निपाणीकडच्या एका शाळेत मुलांना शिकविणारा साधा मास्तर आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा मला अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर मी एवढेच म्हणेन की, या बाबतीत मी एक मोठी चूक केली आहे, आणि त्या चुकीची किंमत पैशांत मोजता येण्यासारखी नव्हती. ती हकीकत आधी सांगतो.

आत्याच्या ओव्या

माझी आत्या निपाणीस राहत असे. तरुणपणी तिने तंबाखूच्या वखारीत काम केले, पुढे घरी बसून विड्या वळल्या. तिला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. आमचे घर ख्रिस्ती. नाताळच्या आदल्या रात्री करंज्या करताना ती जी गाणी म्हणे, तीही ओवीच्याच चालीवर असत. यात नवल काहीच नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली प्रसिद्ध केलेले ‘ख्रिस्तपुराण’ हे सबंध ओवीतच रचलेले आहे. ओवी ही साऱ्यांचीच मिरास आहे. आत्याच्या ओव्यांचा विशेष असा की, तिची धाकटी बहीण गोकाकच्या बाजूस दिली होती. तिच्याविषयीच्या ओव्यांत मराठीच्या जोडीला कानडी शब्द येत, आणि ते इतके सहज येत की आत्याला विचारले तर त्यांतील कोणता शब्द कोणत्या भाषेचा हे तिला सांगता येत नसे. आमच्या सीमाभागातील बोलणे असेच आहे. भाषेच्या वादात मी आज शिरत नाही; परंतु असे बोलणे आणि असे गाणे पुस्तकांत सापडत नाही, ते माणसांच्या तोंडीच असते, हे मात्र खरे.

आत्याने ऐंशी ओलांडली तेव्हा या ओव्या मुद्रित करून ठेवाव्यात असे माझ्या मनात आले. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात वापरला जाणारा हातात धरावयाचा मायक्रोफोन आणला, एका ओळखीच्या गृहस्थाकडून त्यास जोडावयाचा एक स्वस्त डबा आणला आणि संगणक सुरू केला. आत्या भिंतीला टेकून बसली. तिला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून मायक्रोफोन मी चांगला दोन हात दूर ठेवला. “आरं, त्या डब्याला माझं ऐकू येतंय का?” असे तिने विचारले. वयोमानाने तिचा आवाज अगदी हळू झाला होता. संगणकावर रेषा हलेना, तेव्हा मी डब्यावरची कळ शेवटपर्यंत फिरवली. रेषा हलली; मी समाधान पावलो. आत्याने त्या दिवशी बारा ओव्या म्हटल्या.

रात्री ते मुद्रण ऐकले तो काय! आत्याच्या आवाजावर पावसाची झड लागावी तसा एकसारखा सूं सूं आवाज पसरलेला होता. त्यामागे पंख्याची घरघर, आणि त्याच्याही मागे महामार्गावरील ट्रकांचे भोंगे. आत्या त्यांच्या पलीकडे कोठे तरी गात होती.

मी सारा दोष त्या डब्याला दिला, आणि उत्तमांतील उत्तम प्रीॲम्प घ्यावयाचाच असा निश्चय करून चौकशीस लागलो. एका दुकानदाराने मला जो दाखविला त्याची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. तो घेण्यासाठी मी उसनवारीही केली असती. परंतु ध्वनियंत्रे दुरुस्त करण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे एक वृद्ध गृहस्थ बेळगावास माझ्या परिचयाचे होते. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मुद्रण ऐकले आणि म्हणाले, “मास्तर, यंत्र नंतर घ्या. आधी पंखा बंद करा, आणि मायक्रोफोन आत्याबाईंच्या जवळ न्या. मग उरेल त्याचा हिशेब करू.” आज मी आपणांस जे सांगणार आहे ते त्यांनी त्या दिवशी मांडून दाखविलेल्या हिशेबावरच आधारलेले आहे.

हळू आवाजांचा प्रवेश

तत्पूर्वी थोडासा इतिहास सांगणे आवश्यक आहे. 1902 सालच्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता आणि प्रीॲम्पही नव्हता. एक मोठा कर्णा असे. गायकाने त्याच्या तोंडाशी उभे राहून जोराने गावयाचे, आणि त्या आवाजाच्या दाबानेच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत असे. ज्याचा आवाज सुईला ढकलू शकेल त्याचेच गाणे उमटे. म्हाताऱ्या माणसाचे गुणगुणणे, आईचे अंगाईगीत, हलक्या हाताने छेडलेली तंबोऱ्याची तार, यांना त्या कर्ण्यात जवळजवळ प्रवेशच नव्हता.

1925 साली विजेच्या साह्याने ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत अमेरिकेत व्यवहारात आली. मायक्रोफोनने आवाज पकडावा, निर्वात नळ्यांच्या यंत्राने तो वाढवावा आणि मग तो तबकडीवर कोरावा, अशी ही पद्धत. तेव्हापासून हळू आवाजालाही यंत्राच्या दरबारात जागा मिळाली. प्रीॲम्पचे खरे कार्य हे आहे. मोठ्या आवाजाला त्याची फारशी गरज नसते. म्हणून त्याची परीक्षा करावयाची ती आपल्याला मुद्रित करावयाच्या सर्वांत हळू आवाजावर करावी. माझ्या साऱ्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे.

हजारो पटींचा हिशेब

आता हिशेबाकडे वळू. ध्वनीची पातळी डेसिबल या मापाने मोजतात. या मापाची खूण अशी की, 20 डेसिबल वाढले म्हणजे विजेचा दाब दहापट होतो, 40 वाढले म्हणजे शंभरपट, आणि 60 वाढले म्हणजे हजारपट. एक मीटर अंतरावरून ऐकू येणारे साधे बोलणे सुमारे 60 डेसिबलचे असते. सभासंमेलनांतून सर्वत्र दिसणारा शुअर कंपनीचा एसएम 58 हा मायक्रोफोन घेतला, तर अशा बोलण्यापासून तो सुमारे 37 मायक्रोव्होल्ट एवढाच दाब निर्माण करतो. विजेरीतल्या एका सेलच्या दाबाचे चाळीस हजार भाग केले, तर त्यांतला हा एक भाग! घरगुती ध्वनियंत्रांना लागणारा दाब साधारणतः एका व्होल्टच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. म्हणजे प्रीॲम्पने हा दाब साडेआठ हजार पटींनी वाढवावयास हवा. डेसिबलच्या भाषेत हे सुमारे 79 होतात.

घरी वापरण्याच्या बहुतेक प्रीॲम्पांची वाढविण्याची शक्ती, जिला गेन म्हणतात, ती 50 ते 60 डेसिबलच्या आसपास असते. अलीकडच्या काही यंत्रांत ती 70 पर्यंत जाते. म्हणजे एक मीटरवरून बोललेल्या हळू शब्दाला यांतील पुष्कळशी यंत्रे पुरी पडणार नाहीत. पण तोच मायक्रोफोन तोंडापासून दहा सेंटिमीटरवर आणला तर काय होते पाहा. अंतर दहाव्या हिश्श्यावर आले म्हणजे आवाजाचा दाब दहापट होतो, अर्थात 20 डेसिबल फुकट मिळतात. मग 59 डेसिबल पुरतात, आणि जे यंत्र अपुरे वाटत होते त्याचेच काम भागते.

आपल्या जुन्या मापांत सांगावयाचे तर, दोन विती म्हणजे एक हात. एक हात अंतरावरचा मायक्रोफोन एका वितीवर आणला की 6 डेसिबल मिळाले. वितीवरून अर्ध्या वितीवर आणला की आणखी 6 मिळाले. हे बारा डेसिबल लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांची तुलना पैशांशी करावयाची आहे. मात्र फार जवळ गेल्याने श्वासाचे फटकारे आणि खर्जाचा फुगारा येतो, म्हणून मायक्रोफोन ओठांच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूस ठेवावा.

सूं सूं आवाज येतो कोठून?

वाढविणे सोपे आहे. न बिघडविता वाढविणे कठीण आहे. कोणत्याही वाहक पदार्थातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हालचाल करीत असतात, आणि या हालचालीतून एक सूक्ष्म गोंगाट उत्पन्न होतो. जॉन्सन आणि नायक्विस्ट या दोघा शास्त्रज्ञांनी 1928 साली याचे स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. मायक्रोफोनच्या तारेतही हा गोंगाट असतोच. शिवाय प्रत्येक प्रीॲम्प आपल्या पदरचा थोडा गोंगाट त्यात घालतो. आवाज हजारपट वाढला की हा गोंगाटही हजारपट वाढतो. तोच तो सूं सूं. एकदा तो पहिल्या पायरीवर शिरला की पुढे कितीही चांगली यंत्रे जोडली तरी तो निघत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे जसे खरे, तसेच आडात जो गाळ आहे तो पोहऱ्यात आल्यावाचून राहत नाही, हेही खरे.

प्रीॲम्प किती गोंगाट घालतो हे त्याच्या माहितीपत्रकात ईआयएन या नावाने दिलेले असते. हा आकडा उणे असतो, आणि तो जितका अधिक उणे तितका चांगला. नेहमी परीक्षेसाठी घेतला जाणारा 150 ओहमचा रोधक धरला, तर निसर्गनियमानेच हा आकडा सुमारे उणे 131 डीबीयूच्या खाली जाऊ शकत नाही. चांगल्या प्रीॲम्पांत तो उणे 128 किंवा 129 असतो. हलक्या प्रतीच्या यंत्रांत उणे 120 किंवा त्याहूनही वाईट असतो. तेव्हा कोणी उणे 133 असा आकडा छापला असेल तर ते यंत्र अलौकिक आहे असे समजू नये. त्याने मापन वेगळ्या रीतीने केलेले आहे असे समजावे. काही जण यंत्राचे तोंड विजेच्या दृष्टीने बंद करून मोजतात, काही जण कानाच्या संवेदनक्षमतेप्रमाणे सूट देऊन मोजतात आणि त्यापुढे ‘ए’ हे अक्षर लिहितात. दोन यंत्रांची तुलना करावयाची ती एकाच रीतीने मोजलेल्या आकड्यांची करावी.

आता मघाची तुलना. हलका प्रीॲम्प आणि अत्युत्तम प्रीॲम्प यांच्या गोंगाटात अंतर पडते ते सुमारे 9 डेसिबलचे. मायक्रोफोन एका हातावरून अर्ध्या वितीवर आणल्याने मिळाले 12 डेसिबल, आणि तेही एक पैसा न खर्चिता. त्या वृद्ध गृहस्थांनी हे कागदावर मांडून दाखविले तेव्हा मी खजील झालो.

मायक्रोफोन कोणता, यावर सारे अवलंबून

यावरून प्रीॲम्प कसाही असला तरी चालेल, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तो मायक्रोफोनच्या जातीवर अवलंबून आहे. मायक्रोफोनच्या मुख्य जाती दोन. डायनॅमिक जातीत चुंबकाजवळ एक तारेचे वेटोळे हलते. तो दणकट असतो, पण त्याची वीज अशक्त असते. कंडेन्सर जातीत एक अतिशय पातळ पडदा विद्युत्भारित पट्टीसमोर हलतो. त्याच्या पोटातच एक छोटा वर्धक असतो, आणि त्याच्याकडून मिळणारा दाब डायनॅमिकच्या दहापट, कित्येकदा त्याहूनही अधिक असतो. चांगल्या कंडेन्सरचा स्वतःचा गोंगाट सुमारे 15 डेसिबल किंवा त्याहूनही कमी असतो. पण विजेच्या मापाने तो प्रीॲम्पच्या गोंगाटाहून पुष्कळ मोठा असतो. म्हणजे अशा मायक्रोफोनच्या मागे साधा प्रीॲम्प लावला काय आणि मोठ्या किमतीचा लावला काय, कानाला फरक जवळजवळ पडत नाही. उलट हळू आवाज आणि डायनॅमिक मायक्रोफोन अशी जोडी असेल, तर मात्र प्रीॲम्पची खरी कसोटी लागते. मी नेमकी तीच जोडी निवडली होती.

कंडेन्सरला चालण्यासाठी वीज लागते, आणि ती प्रीॲम्पकडूनच त्याच तारेतून पुरविली जाते. हिला फँटम पॉवर म्हणतात आणि तिचा दाब 48 व्होल्ट असतो. हा आकडा कसा ठरला याची गंमतीची हकीकत आहे. 1966 साली नॉर्वेच्या नभोवाणीला जर्मनीतील नॉयमान कंपनीचे ट्रान्झिस्टरवर चालणारे मायक्रोफोन हवे होते. नॉर्वेतील हिवाळा अंधाराचा. तेथील स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीच केलेली होती. तीच वीज मायक्रोफोनला द्यावी असे ठरले, आणि पुढे साऱ्या जगाने तोच आकडा स्वीकारला. तेव्हा प्रीॲम्प घेताना त्यावर पूर्ण 48 व्होल्टची सोय आहे की नाही हे अवश्य पाहावे. मायक्रोफोन जोडताना व काढताना ही कळ बंद ठेवावी. आणि कोणाकडे जुना रिबन जातीचा मायक्रोफोन असेल, तर त्याच्या बाबतीत विशेष जपावे, कारण जोडणीत दोष असल्यास त्याची नाजूक पट्टी या विजेने निकामी होऊ शकते.

विकत घेताना

आता प्रत्यक्ष खरेदीविषयी. घरच्या कामासाठी स्वतंत्र प्रीॲम्प घेण्याची गरज बहुधा नसते. संगणकाला किंवा मोबाईलला जोडावयाचा ऑडिओ इंटरफेस म्हणून जो लहान डबा मिळतो, त्यातच प्रीॲम्प आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारे यंत्र अशी दोन्ही कामे साधलेली असतात. साधारण मोबाईल फोनच्या किमतीत चांगला इंटरफेस येतो, आणि त्यातील प्रीॲम्प आज पुष्कळच स्वच्छ असतात. 1970 साली रूपर्ट नीव्ह यांनी तयार केलेला 1073 हा प्रीॲम्प आजही मोठमोठ्या स्टुडिओंत नावाजला जातो. त्यातील ट्रान्सफॉर्मरमुळे आवाजाला एक विशिष्ट भरदारपणा येतो, आणि त्यासाठीच लोक मोठी किंमत मोजतात. ज्याला तो रंग हवा असेल त्याने खुशाल घ्यावा. परंतु आपल्या आईचा किंवा आजोबांचा आवाज जसा आहे तसा ठेवावयाचा असेल, तर रंगाची जरुरी नाही, स्वच्छतेची आहे. सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही.

ज्यांच्याजवळ डायनॅमिक मायक्रोफोनच आहे आणि इंटरफेसचा गेन अपुरा पडतो, त्यांच्यासाठी तारेतच जोडावयाचा एक लहान पूरक वर्धक मिळतो. तो फँटम पॉवरवर चालतो आणि सुमारे 25 डेसिबलची स्वच्छ वाढ देतो. मात्र आपल्या इंटरफेसमध्ये आधीच पुरेसा आणि स्वच्छ गेन असेल तर त्यापासून काही लाभ नाही.

अलीकडे बत्तीस बिट फ्लोट नावाच्या पद्धतीने मुद्रण करणारी सुटसुटीत यंत्रेही निघाली आहेत. त्यांत कळ फिरविण्याची चिंता नसते. आवाज एकाएकी मोठा झाला तरी मुद्रण सहसा फाटत नाही. गावोगाव हिंडून गाणी जमविणाऱ्यास ती सोयीची आहेत. पण त्यांच्यातही प्रीॲम्प असतोच आणि त्याचा गोंगाटही असतोच, हे विसरू नये. साध्या चोवीस बिटांच्या इंटरफेसवर आवाजाची शिखरे कमाल पातळीच्या बारा डेसिबल खाली राहतील एवढीच कळ फिरवावी. शेवटपर्यंत फिरविण्याचा मोह टाळावा. माझ्यासारखे करू नये.

शिवाय तार तीन टोकांची, म्हणजे एक्सएलआर जातीची असावी. तिच्यातील दोन तारांमधून एकच आवाज परस्परविरुद्ध दिशांनी जातो. वाटेत घरातल्या विजेची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच बसते, आणि प्रीॲम्प त्यांची वजाबाकी करतो तेव्हा गुणगुण जाते व आवाज राहतो. तरीही गुणगुण येत असेल तर प्रथम घरचे अर्थिंग तपासून घ्यावे. आपल्या भागातील जुन्या घरांत हा दोष वारंवार आढळतो. लॅपटॉप असल्यास त्याचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

शेवटी खोली. रात्रीच्या शांत खोलीतही तीसेक डेसिबलचा आवाज असतो, आणि पंखा लावला की तो पुष्कळच वाढतो. याच्यापुढे प्रीॲम्पचा गोंगाट काहीच नव्हे. म्हणून पंखा व फ्रिज बंद करावेत, रस्त्याच्या बाजूची खिडकी लावावी, मागे व बाजूला दोरीवर जाड वाकळा टांगाव्यात. कौलांवर किंवा पत्र्यावर पाऊस वाजत असेल त्या दिवशी काम पुढे ढकलावे. कंडेन्सर मायक्रोफोन घेणाऱ्याने तर हे अधिकच पाळावे, कारण तो आत्याबरोबर महामार्गाचेही ऐकतो.

राहिलेल्या ओव्या

हा हिशेब समजल्यावर मी महागडा प्रीॲम्प घेतला नाही. एक मध्यम किमतीचा इंटरफेस घेतला, एका स्नेह्याकडून कंडेन्सर मायक्रोफोन मागून आणला, चार वाकळा टांगल्या आणि पहाटेच्या वेळी, रस्ता शांत असताना, आत्याला बसविले. मायक्रोफोन या खेपेस तिच्यापासून एका वितीवर होता. तिला त्याचे काही वाटले नाही. मीच उगीच संकोच केला होता. त्या पहाटेस आणि पुढच्या दोन-तीन पहाटेंस तिने तीसच्या वर ओव्या म्हटल्या. त्या मुद्रणात तिचा श्वास ऐकू येतो, मध्येच बांगडी वाजलेली ऐकू येते, आणि शब्द न् शब्द कळतो.

परंतु पहिल्या दिवशीच्या बारा ओव्यांपैकी चार तिला पुन्हा आठवल्या नाहीत. त्या गोकाकच्या बहिणीच्या ओव्या होत्या. मी पहिल्या ओळीची आठवण करून देण्याचा प्रयत्न केला, तर मुद्रणातली ती ओळ मलाच नीट कळेना. पुढे दोन वर्षांनी आत्या वारली. ते पहिले मुद्रण माझ्याजवळ आहे. गोंगाट कमी करणारी आजची साधने त्यावर चालवून पाहिली. सूं सूं कमी होतो, पण त्याबरोबर शब्दांच्या कडाही झिजतात, आणि त्या चार ओव्यांतले कानडी शब्द कोणते होते हे मला आजतागायत लागलेले नाही.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ या दोघांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार बेल यांच्या साह्याने 1990 नंतरच्या दशकात त्यांतील पुष्कळशा मुद्रितही झाल्या, आणि आज ‘परी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतात. हे काम फार मोठे आहे. तरीही प्रत्येक गावी, प्रत्येक घरी कोणी जाऊ शकणार नाही. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली, आणि ज्यांना ओव्या येतात त्या बायांची संख्या वर्षागणिक कमी होत आहे. आपल्या घरातील आवाज आपणच राखावयास हवा.

म्हणून श्रोतेहो, माझी विनंती अशी. यंत्र निवडताना दुकानात स्वतःच्या खणखणीत आवाजाने त्याची परीक्षा करू नका. घरातील सर्वांत वृद्ध माणसाचा आवाज मनात धरा, आणि तो हळू आवाज ज्या मायक्रोफोनने आणि ज्या प्रीॲम्पने स्वच्छ उमटेल तोच घ्या. पण मनाजोगते यंत्र मिळेपर्यंत थांबूही नका. तोपर्यंत हाती आहे तो मोबाईल फोनच पंखा बंद करून एका वितीवर धरा. दूर ठेवलेल्या भारी मायक्रोफोनपेक्षा तो बरा ठरेल. एक मुद्रण झाले की ते त्याच जागी ऐकून पाहा, रात्रीची वाट पाहू नका. आणि आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख तिच्याच तोंडून वदवून घ्या. गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत, ते दूर जर्मनीत हानोव्हर येथे तबकड्या तयार करणाऱ्या कामगारांना गाणे कोणाचे हे समजावे म्हणून. आपली नातवंडेही त्या कामगारांइतकीच दूर असणार आहेत. त्यांनाही कळावयास हवे की हा आवाज कोणाचा.